अजगर आणि त्याचे भाऊबंद

कोकणात वीस फुटी अजगर सापडला, असा एखादा व्हिडिओ पावसाळा आला की मोबाइलवर येतोच. कधी गाव रायगडातलं असतं, कधी सिंधुदुर्गातलं. नीट पाहिलं तर सापाच्या अंगावर जाळं विणल्यासारखी नक्षी असते, मागे पामतेलाच्या झाडांच्या रांगा असतात आणि माणसं बोलत असतात ती भाषा इंडोनेशियातली. साप खरा असतो, लांबीही बरीचशी खरी असते. फक्त तो आपला अजगर नसतो. कुळातल्या दुसऱ्याच कुणाचा पराक्रम आपल्या अजगराच्या नावावर लागतो, आणि त्या भीतीपायी गावच्या ओढ्याकाठी ऊन खात पडलेल्या दहा फुटी जिवावर काठ्या पडतात. हे मला फार वर्षं खुपत आलं आहे.

तर आपला अजगर म्हणजे पायथन मोलुरस, इंग्रजी पुस्तकांतला ‘इंडियन रॉक पायथन’. पाकिस्तानातल्या सिंधपासून पुढे भारताच्या बहुतेक भागांत, नेपाळ-भूतानच्या पायथ्याशी, बांगलादेशात आणि खाली श्रीलंकेत हा त्याचा मुलूख. महाराष्ट्रात तो सह्याद्रीच्या घाटांत आहे, कोकणात आहे, ताडोबाच्या जंगलात आहे, आणि मुंबईच्या कुशीतल्या संजय गांधी उद्यानातही आहे. गोव्यात तर माडाबागायतीतही येतो. कातळ, गवताळ माळ, दलदल, दाट झाडी, काहीही त्याला चालतं. पाणी मात्र जवळ लागतं. पाण्यात तो तासन् तास नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून पडून राहतो. तरणा असेपर्यंत झाडावरही सहज चढतो.

लांबीबद्दल आपल्याकडे फार वाढवून बोलतात. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात या अजगरांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे. डॉ. एस. भूपती यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या अजगरांच्या जीवनक्रमावर फार मोलाचं काम केलं. तिथले मोठ्यांतले मोठे अजगरही बारा फुटांच्या आसपासच भरले. बारा फूट म्हणजे लहान नव्हे. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचणारा प्राणी आहे तो. त्याला आणखी आठ फूट जोडायची काही गरज नाही.

केवलादेवच्या अजगराची राहणी मला विशेष भावते. हिवाळ्यात तो साळिंदरांनी खोदलेल्या बिळांत मुक्काम करतो. काही बिळांत साळिंदरही नांदत असतं, वर छताला वटवाघळं लटकलेली असतात, आणि एकाच दारातून सगळ्यांची ये-जा चालते. थंडीच्या दिवसांत ऊन वर आलं की अजगर बिळाच्या तोंडाशी येऊन अंग पसरतो. हे ऊन खाणं ही त्याची चैन नव्हे. अंगात ऊब भरल्याशिवाय त्याचं पचन चालत नाही, हालचाल होत नाही. पर्यटक बिळापर्यंत जाऊन त्याला उठवतात तेव्हा त्याचा दिवसभराचा संसारच विस्कटतो.

त्याला आळशी म्हणणं मला मान्य नाही. एक मोठं जेवण झालं की तो कित्येक आठवडे, कधी कधी महिने काढतो. वाट पाहणं हीच त्याची शिकार करण्याची रीत आहे. वरच्या-खालच्या ओठांच्या कडेला असलेल्या बारीक खळग्यांतून त्याला समोरच्या उबदार जिवाची चाहूल अंधारातही लागते. चालतो तेही कसा, तर पोटाखालचे रुंद खवले पुढे सरकवत, सरळ रेषेत, अंग न वळवता. पाचोळ्यावर त्याचा आवाजही येत नाही. भागवतातल्या अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत अजगर आहे. एकनाथांच्या भागवतामुळे हा गुरू मराठी घरांत पोचला. समोर येईल त्यावर निर्वाह करावा, आलं नाही तर पडून राहावं, धावाधाव करू नये, हे त्याचं शिकवणं. ज्याने कुणी हा गुरू प्रथम निवडला त्याने अजगर जवळून आणि पुष्कळ वेळ पाहिला असला पाहिजे.

आता त्याचं डोकं जवळून पाहू. सर्पमित्राने हात-दोन हातांवर धरलेल्या अजगराचं पाहायला मिळालं तर संधी सोडू नये. डोकं लांबट, मानेपासून स्पष्ट वेगळं. माथ्यावर गडद तपकिरी भाल्याचं टोक काढल्यासारखी खूण असते. पण नाकाकडे जाता जाता ती फिकट होते, विरून जाते. डोक्याच्या बाजूंवर गुलाबी झाक असते, जीभही गुलाबीकडे झुकणारी. अंग पिवळसर, राखाडी, मातकट, त्यावर वेडेवाकडे तपकिरी ठिगळ-डाग. कुशीवरच्या डागांच्या मधोमध फिकट ठिपका असतो. आणि सगळ्यांत खात्रीची खूण डोळ्याखाली: वरच्या ओठाच्या खवल्यांपैकी एक खवला थेट डोळ्याला जाऊन भिडतो.

हा एक खवला लक्षात ठेवायचा, कारण त्याच्या सख्ख्या म्हणाव्या अशा भावाशी, बर्मी अजगराशी त्याचा फरक तिथे ठरतो. बर्मी अजगराच्या डोळ्याखाली बारीक खवल्यांची एक वेगळी ओळ असते. ओठ आणि डोळा यांची गाठच पडत नाही. त्याच्या माथ्यावरचं भाल्याचं टोक नाकापर्यंत गडद, पूर्ण. अंग अधिक काळपट, डाग मोठे, चौकोनी, काठ रेखलेले. तो वाढतोही जास्त. सोळा-सतरा फुटी मादी त्यांच्यात नवलाची नाही. त्याचा मुलूख नेपाळ, बांगलादेश आणि ईशान्य भारतापासून म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, दक्षिण चीन असा पसरतो. मधला मोठा भाग सोडून पुन्हा जावा, बाली आणि सुलावेसी या बेटांवरही तो आहे. म्हणजे महाराष्ट्रात किंवा गोव्यात रानात दिसलेला अजगर बर्मी असण्याचा प्रश्नच येत नाही. असलाच तर कुणीतरी पिंजऱ्यातून सोडलेला.

हे दोघे एकच की वेगळे, यावर शास्त्रज्ञांचं फार काळ एकमत होत नव्हतं. लिनियसने १७५८ मध्ये आपल्या अजगराला मोलुरस हे नाव दिलं. हाइनरिख कूल याने १८२० मध्ये बर्मी अजगराला वेगळं नाव दिलं, बिविट्टाटस. पुढे मात्र दोघांना एकाच जातीच्या दोन पोटजाती मानायची पद्धत पडली आणि ती विसाव्या शतकभर टिकली. श्रीलंकेतल्या अजगरालाही एकदा वेगळी पोटजात मानून त्याच्या सिंहली नावावरून ‘पिंबुरा’ म्हटलं गेलं. ते टिकलं नाही, तो आपलाच ठरला. बर्मी अजगर मात्र २००९ मध्ये स्वतंत्र जात म्हणून पुन्हा उभा राहिला. नेपाळ, बांगलादेश, ईशान्य भारत अशा काही भागांत दोघांचे मुलूख एकमेकांवर येतात. तिथे बर्मी अजगर नदीकाठची ओली जंगलं आणि पुराचं गवत धरून राहतो, आपला कोरड्या, रेताड रानात. शेजारी असून संसार वेगळे. मला वाटतं, वेगळेपणाचा याहून चांगला पुरावा शोधायला नको.

नाव एकत्र ठेवल्याने काय गोंधळ होतो, त्याचं एक बोलकं उदाहरण आहे. अजगराची मादी अंडी घातली की त्यांचा ढीग करून भोवती वेटोळं घालते, वर स्वतःचं डोकं ठेवते, आणि साधारण दोन महिने बहुतेक काळ जागची हलत नाही, खात नाही. हवा गार झाली की तिच्या अंगाला ठरावीक लयीत आचके बसू लागतात. स्नायू असे आखडून सोडून ती अंगात उष्णता तयार करते आणि अंडी उबवते. थंड रक्ताच्या प्राण्याने स्वतःची उष्णता निर्माण करावी ही अचंब्याची गोष्ट होती. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात एका मादीवर हे मोजमाप झालं आणि १९६६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निबंध आला. निबंधाच्या शीर्षकात तिला ‘इंडियन पायथन’ म्हटलं आहे. पुढे शास्त्रीय नाव मात्र बर्मी पोटजातीचं. आपल्या मादीलाही हे आचके देऊन उबवणं येतं, त्यामुळे इथे तिचा अपमान झाला असं नाही. पण ती प्रसिद्ध मादी बर्मी होती. जेवणानंतर अजगराचं हृदय दोन दिवसांत ४० टक्क्यांनी वाढतं, हे २००५ साली जगाला कळलं, तोही प्रयोग बर्मी अजगरावरचा. प्रयोगशाळेतलं बहुतेक ज्ञान या भावाने दिलं आहे, आणि आपल्या रानातल्या अजगराबद्दल लिहिताना ते बिनदिक्कत उचललं जातं.

कायद्यातही हा फरक मोठा आहे. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस करारात आपला अजगर पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे व्यापाराला बंदी. बर्मी अजगर दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याने व्यापार चालतो. बंदरावर पेटी उघडणाऱ्या अधिकाऱ्याला डोळ्याखालचा तो खवला पाहता आला नाही, तर बंदीचा प्राणी परवान्याच्या कागदावर निघून जाऊ शकतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अजगराला पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्याला.

परवान्याचा हा व्यापार बर्मी अजगराला थेट अमेरिकेत घेऊन गेला. पाळायला म्हणून हजारोंनी नेलेले अजगर फ्लोरिडात काही सुटले, काही मालकांनी सोडले, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांनी घर केलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे रात्री दिसणारी रकून आणि ओपॉसम ९९ टक्क्यांच्या आसपास घटलेली आढळली. त्याच वर्षी बर्मी अजगराच्या आयातीवर अमेरिकेने बंदी घातली, आणि त्याच वर्षी जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याच्या मूळ मुलखात तो ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) म्हणून नोंदला गेला. आपल्या घरी मरणारा आणि परक्या घरी मारला जाणारा हा साप. दोष त्याचा कुठेच नाही.

फ्लोरिडाच्या या गोष्टीत दोन भारतीय माणसं आहेत, आणि त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. तमिळनाडूतले इरुला जमातीचे मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०१७ च्या जानेवारीत फ्लोरिडाने खास बोलावून घेतलं. इरुला पिढ्यान् पिढ्या साप शोधत आले. १९७८ पासून त्यांची सहकारी संस्था सर्पविषाचं काम करते. या दोघांनी उपकरणांवर भिस्त न ठेवता गवत कसं दबलं आहे, विष्ठा कुठे पडली आहे, घसट कोणत्या दिशेला गेली आहे, हे वाचत दोन आठवड्यांच्या आत १३ अजगर काढले. त्यांत एक मादी सोळा फुटी होती. चेन्नईभोवतालच्या रानात शिकलेलं ज्ञान भावकीतल्या दुसऱ्या सापावर, दुसऱ्या खंडात लागू पडलं. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

आणि त्याच फ्लोरिडात आपल्या अजगराचाही माग लागला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे ४०० अजगरांच्या पेशी पाहिल्या, तेव्हा १३ जणांत भारतीय अजगराच्या आनुवंशिक खुणा मिळाल्या. म्हणजे आपल्या देशात शेजारी राहून न मिसळणारे हे दोघे माणसाच्या ताब्यात गेल्यावर मिसळले. मुलूख पुसला की जातही पुसट होते, हे मला तिथे सगळ्यांत ठसठशीत दिसतं.

आता ते जाळीदार नक्षीवाले. व्हिडिओतला वीस फुटी साप म्हणजे जाळीदार अजगर, रेटिक्युलेटेड पायथन. जगातला सर्वांत लांब साप हाच. गिनेसच्या नोंदीतली ‘मेड्युसा’ नावाची पाळीव मादी ७.६७ मीटर, म्हणजे पंचवीस फूट भरली. पाठीवर हिरेदार जाळी, तिच्या काठाला पिवळं-काळं-पांढरं, डोळा नारिंगी, डोळ्यामागून जबड्याकडे काळी रेघ, आणि माथ्याच्या मधोमध बारीक काळी रेघ. भाल्याचं टोक नाही. म्यानमारपासून इंडोनेशिया-फिलिपिन्सपर्यंत हा राहतो. भारतात तो निकोबार बेटांवर भेटतो. सुलावेसीत २०१७ आणि २०१८ मध्ये माणसं गिळल्याच्या ज्या घटना जगभर गाजल्या, त्या याच्या. दिसायला तो आपल्या अजगराचा थोरला भाऊ वाटतो, पण वंशावळ काढली तर तो ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडच्या अजगरांच्या अधिक जवळचा निघाला, म्हणून आता त्याचं प्रजातीनावही वेगळं केलं आहे. किपलिंगने १८९४ मध्ये ‘जंगल बुक’ लिहिताना सिवनीच्या रानात तीस फुटी ‘का’ ठेवला. कथेतला मुलूख मध्य भारताचा, त्यामुळे साप आपला. लांबी मात्र कुठल्याच अजगराला न झेपणारी.

आफ्रिकेतही ‘रॉक पायथन’ आहेत, एक सहाराखालच्या पश्चिम-मध्य पट्ट्यात, दुसरा दक्षिणेकडे. नावातला ‘रॉक’ आपल्या अजगराशी सारखा, म्हणून इंग्रजी बातम्यांत घोळ होतो. भाषांतर करणाऱ्याने खंड तपासावा, एवढंच. पश्चिम आफ्रिकेतला चार-पाच फुटी बॉल पायथन भ्यायला की स्वतःचा चेंडू करून डोकं आत लपवतो. तो आता आपल्या शहरांतल्या घरांत येऊ लागला आहे. २०२३ च्या डिसेंबरात बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पाकिटांत दडवलेले असे नऊ अजगर मुंबई विमानतळावर सापडले. पाळायची हौस करणाऱ्यांनी फ्लोरिडाचा नकाशा एकदा समोर ठेवावा.

भावकीतल्या गोंधळापेक्षा जिवावर बेतणारा गोंधळ मात्र भावकीबाहेरचा आहे. आपल्याकडे ‘अजगराचं पिल्लू’ म्हणून जे उचललं जातं, ते पुष्कळदा घोणस असतं. पॅट्रिक रसेल याने १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांची चित्रं छापली, तेव्हा तेलुगू नावंच वापरली. त्यांत अजगर ‘पेद्द पोडा’ आणि घोणस ‘कटुक रेकुल पोडा’. तिथल्या लोकांनाही दोघांतलं साम्य जाणवलं होतं. आपल्याकडे बिनविषारी, अजगरासारख्या डागांच्या डुरक्याच्या नावामागेही ‘घोणस’ लागतंच. घोणस आणि अजगर यांचा रंग तोच, ठेवण तीच जाड, डाग तपकिरी, आणि दोघेही निपचित पडून राहतात. फरक असा: घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ओळीत लंबगोल ठिपके, त्यांना काळी कड, मधली ओळ आणि दोन्ही कुशींना एकेक. अजगराचे डाग एकमेकांसारखे नसतात, त्यांना आकाराची शिस्त नसते. घोणशीचे खवले खरबरीत, निस्तेज. अजगराची कांती गुळगुळीत, उन्हात चकाकणारी. डिवचली तर घोणस कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार सोडते. तिच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते आणि मूत्रपिंडं निकामी होतात; देशातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंत तिचा वाटा फार मोठा आहे. मी वर सांगितलेल्या खुणा दुरून पाहायच्या आहेत. खात्री पटली असं वाटलं तरी हात लावू नये.

अजगर मारू नका, हे सांगणं सोपं आहे. ज्याच्या खुराड्यातल्या कोंबड्या गेल्या त्याला ते ऐकायला लावणं अवघड. पण तोच अजगर शेतातल्या उंदीर-घुशी वर्षभर कमी करत असतो, आणि माणसावर चालून येण्याचं त्याला काही कारण नसतं. खुराड्याला बारीक जाळी लावली आणि दार रात्री घट्ट बंद केलं, तर तंटाच राहत नाही. शेताकुंपणाला आणि मासेमारीला वापरलेली नायलॉनची जुनी जाळी उघड्यावर टाकू नये. अजगर त्यात अडकतो आणि सुटायच्या धडपडीत कापला जातो.

अजगर दिसला तर लांब थांबा, लोकांना मागे ठेवा आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. फोटो काढायचा तर लांबूनच काढा, डोक्याची बाजू आणि पाठीवरचे डाग दिसतील असा. आणि त्यासोबत गावाचं नाव आणि तारीख लिहा. ज्या फोटोवर गाव नाही, तो अजगराचा फोटो कृपा करून पुढे पाठवू नका.